जहाजाखालची दोन अक्षरं

४ नोव्हेंबर, दुपार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फेकून देऊ नकोस. आधी वाच, मग हवं तर फेक.

पत्ता जुनाच घातलाय. दोन वर्षांपूर्वी तू बाबांसाठी भिंग पाठवलंस ना, त्या पार्सलवरचा. अजून तिथेच राहतोस की खोली बदललीस, देव जाणे. तुझा नंबर लावून पाहिला. तो हल्ली कुठल्याशा वाण्याकडे लागतो आणि तो माझ्यावरच खेकसतो.

बाबा ठीक आहेत. म्हणजे त्यांच्या मते ठीक. डोळे गेल्यातच जमा आहेत, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तुझं भिंग त्यांच्या खिशात असतं, पण त्याचा आता काही उपयोग नाही आणि हे त्यांना कुणी सांगायचं नाही. सकाळी हात धरून दुकानात आणते. गल्ल्याजवळ बसतात, गिऱ्हाइकांशी टाकसाळीतल्या दिवसांच्या गप्पा मारतात, नाणी अंगठ्याने चाचपतात. जिना झेपत नाही म्हणून त्यांची खाट मागच्या खोलीत हलवली. तिथल्या खिडकीची कडी मोडली आहे. सुताराला सांगायचं रोज ठरवते आणि रोज विसरते.

तू भांडून गेलास त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तुझं नाव घरात निघत नाही. पण परवा जेवताना म्हणाले, "नकला करणाऱ्याचा हात कधी ना कधी थरथरतोच." मी विचारलं, कुणाबद्दल बोलताय? तर म्हणे, "आमटी खारट झालीये."

पत्राचं कारण असं. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ जहाजाचं नाणं घेऊन आले. मोठ्या आद्याक्षरांचं. तुला काय सांगायचं! गिऱ्हाइकांना सांगते तेच तुलाही ऐकवते: नक्षीकाराने नांगराखाली स्वतःची 'भ. थ.' ही अक्षरं जरा जास्तच ऐटीत कोरली, वरचे साहेब भडकले, टाकसाळ थांबवून ठसा घासला आणि अक्षरं बारीक केली. तोवर जी थोडी नाणी बाहेर पडली, त्यांच्यासाठी आज लोक वेडे होतात. या गृहस्थांच्या नाण्यावर तर ठसा दोनदा बसलेला, डोलकाठीला सावली पडल्यासारखी. चुकीवर चूक, म्हणून किंमत आणखी वर.

त्यांना माझी चिठ्ठी हवी होती, नाणं अस्सल असल्याची. मी म्हटलं, अजून पाहते.

तू हल्ली काय कोरतोस? बिल्ले? पदकं? बरा आहेस ना? दोन ओळी लिही.

ताई

११ नोव्हेंबर, सकाळ

धाकट्या,

उत्तर नाही. मागच्या पत्रात आडून विचारलं, आता सरळच विचारते.

तो 'भ' तुझा आहे.

भिंग लावलं तेव्हाच कळलं होतं, पण लिहायला धीर झाला नाही. डावरा माणूस 'भ'ची गाठ उलट्या बाजूने फिरवतो आणि आत बारीक शेपूट राहतं. लहानपणी बाबा तुझ्या पोलादाच्या तुकड्यावर टिचकी मारून म्हणायचे, "उंदराचं शेपूट काप आधी." तू कधीच कापलं नाहीस. जहाजाच्या खऱ्या नाण्यावर ते शेपूट नाही. बाबांच्या हाती मी हे नाणं दिलं नाही. गिऱ्हाइकाने परत नेलं, असं सांगितलं. कारण त्यांच्या अंगठ्याला शेपूट लागलं असतं तर त्यांना घास गेला नसता.

गृहस्थ परवा पुन्हा आले. आता त्यांना मी मनात गोडबोल्या म्हणते. दिसायला अगदी शाळेचे मुख्याध्यापक. खुर्ची पुढे सरकवली तर आधी रुमालाने पुसतात आणि मग "त्रास कशाला घेतलात" म्हणतात. या खेपेला मूठभर नाणी आणली होती. सगळी मोठ्या आद्याक्षरांची. जी बघायला माणसं जन्म घालवतात, ती यांच्या खिशात सुपारीसारखी खुळखुळत होती.

"आजोबांच्या पेटीत सापडली," म्हणाले.

"आजोबा टाकसाळीत होते का?" मी विचारलं.

ते हसले. मग एकेक नाणं उचलून परत डबीत ठेवत म्हणाले, "बाई, या नाण्यात तुमचा शब्द शेवटचा, असं बाजारात म्हणतात. तुमची चिठ्ठी असली की कुणी दुसऱ्यांदा भिंग लावत नाही. घाई नाही. पण फार उशीरही नको."

धमकी म्हणावी असा एकही शब्द नव्हता त्यात. तरी ते गेल्यावर मी कपाट उघडलं आणि कशासाठी उघडलं ते आठवेना.

तू खुषीने करत असशील तर तसं सांग. मी चिडेन, रडेन, पण मला कळू दे. आणि खुषीने नसशील तर नुसता कोरा कागद पाठव. मी समजेन.

ताई

१६ नोव्हेंबर, दुपार

धाकट्या,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. पण कुणाशी तरी बोललं पाहिजे, आणि बाबांशी बोलता येत नाही.

गोडबोल्या आज आला. बाबा गल्ल्याजवळच होते. त्याने त्यांना नमस्कार केला, डोळ्यांची चौकशी केली, कुठलेसे थेंब सुचवले. बाबांना इतका आवडला की स्वतःहून म्हणाले, "बसा हो, चहा येईल." मग तो माझ्याकडे वळला आणि आवाज न चढवता म्हणाला,

"खिडकीची कडी अजून बसवून घेतली नाहीत? म्हातारा माणूस, मागची खोली. बसवून घ्या बाई."

धाकट्या, कडीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सुतारालासुद्धा नाही. फक्त तुला लिहिलं होतं.

हातातला चहाचा कप बशीवर वाजत राहिला. बाबा म्हणाले, "थंडी वाजतेय का गं?"

"तुमचा भाऊ मजेत आहे," तो हळूच म्हणाला. "हात फार गोड आहे हो त्याचा. असे हात जपायला हवेत, नाही का?"

आता कळतंय काय झालं ते. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मी तुझी बहीण आहे हे ठाऊक नव्हतं. फक्त चिठ्ठी देणारी बाई म्हणून आला होता. तुला येणारी पत्रं तो उघडतो. मीच माझ्या हाताने त्याला सगळं लिहून कळवलं: तू कोण, बाबा कुठे झोपतात, खिडकी कशी आहे, आणि तुझा 'भ' मी ओळखला. आता मला वाकवायला त्याच्याकडे तू आहेस आणि तुला वाकवायला मी.

किंवा मग...

हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. किंवा मग तो पत्रं उघडत नाही. तूच त्याला वाचून दाखवतोस.

मला वेळ हवा होता. त्याला दाराशी नेलं आणि बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने काय सुचेल ते बोलले. म्हटलं, "चिठ्ठी देईन. पण ही नाणी चालणार नाहीत. सगळ्यांवर शिडाच्या टोकाला एकच चरा आहे. एका ठशाची आहेत हे पहिलाच जाणता माणूस सांगेल, मग माझी चिठ्ठी चुलीत घालायच्या लायकीची. ठसा नव्याने कोरायला सांगा. आद्याक्षरंही नव्याने."

त्याने नाणं उजेडात धरलं. चरा खरंच होता. तो माझ्याकडे बघून कौतुकाने हसला, आणि त्या हसण्याची मला धमकीपेक्षा जास्त भीती वाटली.

तो गेल्यावर सुताराला बोलावलं. कडी बसवली. बसवून काय उपयोग, असं बसवतानाच वाटत होतं.

१७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आम्ही सगळे मजेत. मागच्या पत्रात मी उगाच काहीबाही लिहिलं, मनावर घेऊ नकोस. ते गृहस्थ फार सज्जन आहेत, त्यांनीच तुझी खुशाली सांगितली. त्यांचं काम मन लावून कर. मीही माझ्या बाजूने मदत करणार आहे.

बाबांना तुझी आठवण येते. काल हसत होते: लहानपणी तू ठसा कोरायचा सराव म्हणून सगळं उलटं लिहायचास, ते समुद्राच्या चित्रात लाटांमध्ये लपवायचास आणि आम्हाला आरसा घेऊन शोधायला लावायचास. अजून जमतं का रे तसं?

तब्येतीला जप.

तुझी ताई

२९ नोव्हेंबर, पोलीस ठाणे

धाकट्या,

ठाण्याच्या बाकावर बसून लिहितेय. बाबा शेजारी आहेत. आम्हाला इथेच थांबायला सांगितलंय. तपास अधिकारी बाई आपली माणसं घेऊन गेल्या आहेत. हे तू कधी वाचशील, वाचशील की नाही, माहीत नाही. पण लिहिणं थांबवलं तर मला ओरडावंसं वाटेल.

आज सकाळी गोडबोल्याने नवं नाणं आणून दिलं. "बघून ठेवा, संध्याकाळी येतो," म्हणाला. बाबा तेव्हा शेजारच्या शिंप्याकडे गप्पा मारत बसले होते.

भिंग लावलं. चरा गेला होता. आद्याक्षरं छान होती आणि 'भ'चं शेपूट कापलेलं होतं. ते पाहून मला रडूच आलं. म्हटलं, बाबा शिकवत होते तेव्हा ऐकलं नाहीस, आणि आता त्या माणसाचं ऐकलंस! मग जहाजाखाली पाहिलं. नांगराच्या उजवीकडे लाटा जरा जास्तच वळलेल्या होत्या. काचेच्या पेटीत नाण्याची मागची बाजू दिसावी म्हणून आपण आरसा ठेवतो ना, तो काढला. समोर नाणं धरलं.

दोन अक्षरं होती. 'पळा.'

वाचव नाही, ये नाही, कुठे आहेस तेही नाही. नुसतं 'पळा.'

तुझ्याबद्दल जी शंका मनात आली होती ती त्याच क्षणी गेली, पण तिच्या जागी जे आलं ते फार वाईट होतं. तू आम्हाला पळायला सांगत होतास, म्हणजे चिठ्ठ्या मिळाल्यावर आमचं काय करायचं हे तिथे ठरलेलं होतं, आणि ते तुझ्या कानांवर आलं होतं.

समोरच्या फुटपाथवर एक माणूस वर्तमानपत्र वाचत उभा होता. ऊन डोक्यावर आलं तरी त्याने पान उलटलं नव्हतं.

बाबांना आत आणलं. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही.

"काही नाही म्हणताना तुझा आवाज पातळ होतो. लहानपणापासून."

मग मी सगळं सांगितलं. गोडबोल्या, कडी, तुझा 'भ', सगळं. वाटलं होतं रागावतील, नाही तर छातीत कळ येईल. त्यांनी नुसता हात पुढे केला. "दे."

त्यांनी तुझी अक्षरं चाचपली. लाटांवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग सवयीने नाण्याची कडा नखावरून फिरवली आणि थांबले. परत फिरवली.

"ही कडा माझी आहे."

मला वाटलं, भ्रमिष्ट झाले.

"तीन नंबरची प्रेस," ते म्हणाले. "नाणं दाबताना बाहेरून जे कडं असतं, त्याने कडेला खाचा पडतात. त्या प्रेसच्या कड्याचा एक दात तुटला होता. एक खाच पडायचीच नाही, तिथे सपाट राहायचं. एक अख्खी खेप वितळवावी लागली होती आम्हाला. नवं कडं यायच्या आत ती प्रेस मोडीत काढली. तुटक्या कड्यासकट गेली."

"कुठे गेली?"

"बटणांच्या कारखान्यात. कालव्यापलीकडे. मी स्वतः ती गाडीवर चढवताना उभा होतो." मग म्हणाले, "कारखाना बंद पडून किती वर्षं झाली. तळघर आहे तिथे."

मी म्हटलं, बाबा, पोलिसांत गेलो तर त्यालाही धरतील. ठसे त्याने कोरले आहेत. बेड्या पडतील.

"पडू देत," बाबा म्हणाले. "बेड्या घालायला का होईना, हात तरी शाबूत राहतील."

बाहेर कसं पडायचं हा प्रश्न होता. वर्तमानपत्रवाला तसाच उभा. तर आपले बाबा, ज्यांनी जन्मात कधी नाटक केलं नाही, दाराशी येऊन सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे उशीर होतोय! तुला मेलीला वेळेचं भानच नाही!" मी कुलूप लावलं. किल्ली दोनदा पडली. त्या माणसाच्या अगदी समोरून आम्ही गेलो. त्याने वर्तमानपत्र खाली केलं आणि आमच्या मागे चालू लागला.

डॉक्टरांच्या दवाखान्याला मागे दुसरं दार आहे. बाबांना हे माहीत होतं, मला नव्हतं. "डोळे तपासून तपासून एवढं तरी कळलंय," म्हणाले. मागच्या गल्लीत टॅक्सी मिळाली. मी मागे वळून पाहायची, बाबा विचारायचे, "दिसतोय?" मी नाही म्हणायची. खरं तर मला काहीच दिसत नव्हतं, डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं होतं.

अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं. आरशात नाणं पाहिलं. विचारलं, "तुमच्या भावाने आधी किती ठसे कोरलेत, तुम्हाला कल्पना आहे? मी त्याला सोडून देईन असं वचन देऊ शकत नाही." मी म्हटलं, देऊ नका. फक्त लवकर जा.

त्या गेल्याला बराच वेळ झाला. बाबा मला विचारत नाहीत आणि मी त्यांना सांगत नाही, पण आम्हा दोघांच्या मनात एकच आहे. गोडबोल्याला आम्ही निसटल्याचं आतापर्यंत कळलं असेल. त्याच्या माणसांना कालव्यापर्यंत जायला किती वेळ लागतो? पोलिसांना किती?

बाहेर गाडी थांबली. दार उघडतंय. लिहिणं थांबवते.

१२ जानेवारी

धाकट्या,

इस्पितळातून तुला कोठडीत हलवलं हे कळलं. ही पत्रं आता पहारेकरी उघडतात म्हणे. उघडू देत. त्यांनी उघडली तर निदान मला झोप लागते.

मागची न टाकलेली पत्रं यासोबत आजच वकिलांच्या हाती पाठवतेय. सगळी वाच. तुझ्यावर शंका घेतली तीसुद्धा वाच. मी ती ओळ खोडणार होते, मग राहू दिली.

तुझा जबाब तपास अधिकारी बाईंनी आम्हाला वाचून दाखवला. पर्यटकांसाठी नकला करायच्या, मागे 'नक्कल' असा शिक्का मारायचा, म्हणून तू कामाला लागलास. मग शिक्का नको म्हणाले, तू नाही म्हणालास, आणि तळघराचं दार बाहेरून बंद झालं. ताप अंगात असताना ठसा कोरलास. लाटा कोरताना गोडबोल्या मागे उभा होता आणि तू त्याला सांगितलंस, खऱ्या नाण्यावर लाटा अशाच असतात. बाईंनी हे वाचलं तेव्हा बाबा मोठ्याने हसले, आणि मग बराच वेळ रुमाल शोधत राहिले.

पोलीस पोचले तेव्हा तिथे प्रेस सुटी करून गाडीवर चढवायचं चाललं होतं, आणि तुझं काय करायचं यावर वाद चालला होता. वाद चालला होता म्हणून तू वाचलास. हे मी रोज मनात म्हणते.

गोडबोल्या आत आहे. कोर्टात मला पाहून त्याने मान लववली. "कडी बसवलीत, छान केलंत," एवढंच म्हणाला. वर्तमानपत्रवाला अजून सापडलेला नाही. परवा दुकानात एक माणूस कागदात गुंडाळलेलं नाणं घेऊन आला आणि मी अशी किंचाळले की शिंपी कात्री घेऊन धावत आला. बिचारा पेन्शनर होता. नातवासाठी नाणं दाखवायला आणलं होतं, दोन कवडीचं. त्याला पाणी पाजून, माफी मागून पाठवलं.

वकील म्हणतात, साक्षीत मला सांगावं लागेल की 'भ' तुझ्या हातचा. मी सांगणार आहे. लाटांमधली अक्षरंही तुझ्याच हातची, हेही सांगणार आहे.

आता खरी गोष्ट. आज जामीन झाला. बाबा हट्टाने माझ्यासोबत आले होते. कारकुनाने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आरोपी राहणार कुठे?"

मी वकिलांकडे पाहिलं. तुझ्या खोलीचा मालक तुला परत घेणार नाही, हे आम्हाला माहीत होतं.

"माझ्याकडे," बाबा म्हणाले.

"तुमचं नातं?"

सहा वर्षं जो शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता, तो त्यांनी इतक्या जोरात उच्चारला की मागच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग सही कुठे करायची ते दाखवायला मी त्यांचं बोट कागदावर ठेवलं.

उद्या दुपारपर्यंत तुला सोडतील. मी दाराशी न्यायला येणार होते, पण बाबांना एकटं ठेवायला मन धजत नाही आणि त्यांना घेऊन निघायलाही नाही. शिंपी येईल तुला आणायला. उंच आहे, गळ्यात टेप असते. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसू नकोस. कितीही गोड बोलला तरी.

वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकून घेतली आहे. घरी पोचलास की दार ठोठावू नकोस. आम्ही अजून दचकतो. खालूनच मोठ्याने हाक मार. लगेच उघडलं नाही तरी मारत राहा. आवाज ओळखेपर्यंत आम्हाला थोडा वेळ लागेल.

ताई